(अस्पष्ट) तू ठेव

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी हेडफोन कानाला लावला आणि आत कुणीच नव्हतं. शांतता नव्हती ती. शांततेला आवाज असतो. रिकाम्या खोलीचा एक असतो, माणूस गप्प बसलेल्या खोलीचा दुसरा असतो, आणि ते दोन वेगळे ओळखता येतात म्हणून तर मला इथे तेरा वर्षं ठेवून घेतलंय. हे म्हणजे नुसतं काहीच नव्हतं, कानावर दोन वाट्या पालथ्या घातल्यासारखं. मी वायर काढून पुन्हा लावली. शेजारच्या टेबलावरचा रेडिओ (हे त्याचं टोपणनाव, दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून त्याला स्वतःचं बोलणं आवरत नाही) खुर्ची फिरवून म्हणाला, "वायर कशाला उपटतोस? बंद केलंय. सगळ्यांचं. कागद वाचला नाहीस?" कागद माझ्या टेबलावरच होता, चहाच्या कपाखाली. मी कप बाजूला केला. कागदावर कपाचा गोल उमटला होता, आणि त्या गोलात 'तात्काळ' हा शब्द बरोबर मावला होता.

कागदात असं होतं की बाहेरच्या कंपनीकडून विकत घेतलेली ती यंत्रणा, जी माणसाच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच्या नकळत जाऊन बसते आणि फोन चालू नसतानाही त्याची खोली ऐकते, ती यापुढे सरकारला वाटेल तशी वापरता येणार नाही. फक्त गंभीर गुन्ह्यात, न्यायाधीशाच्या लेखी परवानगीने, ठरावीक दिवसांपुरती. जुन्या फायली शुक्रवारपर्यंत निकालात काढायच्या. प्रत्येक फायलीमागे एक तक्ता, आणि तो ज्याने ऐकलं त्यानेच भरायचा. तक्त्यात तीन रकाने होते. परवानगी होती का. या ऐकण्यावरून कुणावर कारवाई झाली का. शेरा. दुसऱ्या रकान्यात 'नाही' लिहिलं की फाईल नष्ट. 'होय' लिहिलं की ज्याला ऐकलं त्याला आणि ज्याच्यावर कारवाई झाली त्यालाही पत्र जाणार, ज्या ओळीवरून कारवाई झाली ती ओळ पत्राला जोडून.

माझ्याकडे एकच फाईल होती. सात-चौदा.

"माहेर तुटल्यासारखा काय बसलायस," रेडिओ म्हणाला. "मला विचार. माझा तो कंत्राटदार दोन वर्षं घोरत होता. नुसता घोरत होता रे. काल घरी गेलो तर बायकोचं घोरणं परकं वाटायला लागलं."

मी हसलो. (हसतो.) आमच्या नियमात हसणं लिहीत नाहीत. हसणं, खोकणं, गुणगुणणं, जांभई, आणि निरोपाचे शब्द लिहायचे नाहीत, कारण वरच्या मजल्यावर ते वाचायला वेळ नसतो. ऐकू आलं नाही तर '(अस्पष्ट)' लिहायचं. गप्प असेल तर '(शांतता)' आणि पुढे सेकंद. बोलणं संपलं की '(समाप्त)'. एवढ्यात माणूस मावतो. सुरुवातीला वाटलं होतं मावणार नाही, पण मावतो. आणि मग हळूहळू आपणही त्यातच मावायला लागतो. मी दुकानदाराला सुटे पैसे देऊन परत फिरताना 'ठेवतो' म्हणतो. तो समोर उभा असतो, फोनवर नसतो, तरी मी म्हणतो, ठेवतो. तो आता 'ठेवा' म्हणतो, चेष्टेने, मग सवयीने.

सात-चौदा पाणी तपासायची. शहराच्या प्रयोगशाळेत, बाटल्या भरून यायच्या त्यात काय आहे ते बघायचं. एका भागातल्या पाण्याचा अहवाल वर्तमानपत्रात छापून आला, तो कसा आला हे कुणाला तरी वर हवं होतं, म्हणून ती माझ्याकडे आली. म्हणजे ती आली नाही, मी गेलो. मी तिला कधी पाहिलं नाही. आमचा विभाग आवाजाचा. पण ती सकाळी आठ दहाला ओट्यापाशी उभी राहून चहा पिते, बसून पीत नाही, हे मला माहीत आहे, कारण खुर्ची सरकत नाही. खिडकीतल्या कुंडीला ती 'काय गं, आज मान टाकलीस' म्हणते. भांडी घासताना एकच ओळ गुणगुणते आणि ती ओळ जिथे चढायला हवी तिथे थांबते, नळ सोडते. त्या एका ओळीचं पुढे काय होतं याची मी दोन वर्षं वाट बघत होतो. मीही मग आठ दहालाच चहा आणायला लागलो, टेबलापाशी उभा राहून प्यायला लागलो. रेडिओ विचारायचा, मूळव्याध झाली का. घरी मी एकटाच असतो. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. गेली म्हणजे तिच्या बहिणीच्या शहरात गेली, पण मी 'गेली' एवढंच सांगतो आणि लोक वाईट वाटल्यासारखा चेहरा करून गप्प होतात. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. एक शब्द चुकीचा ऐकू गेला तर त्यात राहता येतं, पुष्कळ दिवस राहता येतं, भाड्याच्या खोलीत राहावं तसं.

चुकीचं ऐकू जाणं. तिथेच यायचं होतं मला, सोमवारपासून मी त्याच्याभोवतीच फिरत होतो, रकान्यात पेन टेकवून उचलत होतो.

तिची फाईल मला मिळून तिसराच आठवडा होता. त्याआधी अकरा वर्षं मी जुनं काम करत होतो, परवानगीचे, साधे, तारेवरचे फोन ऐकायचं. तिथे प्रत्येक बोलणं फोनवरचं असतं, आणि प्रत्येक फोन शेवटी 'ठेवतो', 'ठेवते', 'ठेव मग' असाच संपतो. निरोपाचे शब्द लिहायचे नाहीत. म्हणजे अकरा वर्षं 'ठेव' हा शब्द मी रोज पन्नास वेळा ऐकला आणि एकदाही लिहिला नाही. नवीन यंत्रणा आली तेव्हा तिने खोली ऐकवली. फोन ओट्यावर नुसता पडलेला, आणि तरी खोली येतेय: पाणी, ताटली, चप्पल. कागदाच्या डोक्यावर यंत्रच छापून द्यायचं, 'कॉल: होय' किंवा 'कॉल: नाही'. त्या दिवशी 'कॉल: नाही' होतं. नळ चालू होता. ती कुणाशी तरी बोलत होती, 'रे' म्हणत होती, आणि समोरच्याचा आवाज येत नव्हता. हळू बोलणारा माणूस असेल असं मी धरलं. मग ती म्हणाली, आणि मी लिहिलं:

(अस्पष्ट) तू ठेव. नाही, तूच ठेव. मी नाही ठेवणार. (हसते) ठेव ना रे दादा.

'(हसते)' मी नंतर खोडलं. नियम होता. 'अस्पष्ट'च्या जागी नळ होता. कॉल नाही, म्हणजे निरोप नाही. निरोप नाही, म्हणजे 'ठेव'चा अर्थ ठेव. काहीतरी वस्तू. हा विचार करायला मला चार सेकंदही लागले नसतील. शेऱ्यात लिहिलं, 'लक्ष्य आपल्या भावास काही वस्तू किंवा कागद ठेवून घेण्यास सांगत असावे.' 'असावे' लिहिलं होतं मी. ते वरच्या मजल्यावर जाईपर्यंत 'आहे' झालं.

चौथ्या दिवशी भावाच्या घरी झडती झाली. तो शाळेत गणित शिकवायचा. मी झडती ऐकली नाही, झडतीनंतरचा फोन ऐकला. तिच्या मोबाइलवर होता, 'कॉल: होय', दोन्ही बाजू स्वच्छ.

"कागद माझ्याकडे आहेत म्हणत होते. तुझ्या बहिणीनेच ठेवायला दिलेत म्हणाले."

"मी कुणाला सांगेन, दादा? कागदच नाहीत तर सांगणार काय?"

"मग त्यांना स्वप्न पडलं?"

"तू माझ्यावर संशय घेतोयस?"

"शाळेने घरी बस म्हणून सांगितलंय, ते जाऊ दे. मुलींची दप्तरं उलटी केली गं त्यांनी जमिनीवर. धाकटी अजून दप्तराला हात लावत नाही."

"दादा."

"तू कुणापाशी तरी माझं नाव घेतलंस. मोठेपणा मारायला असेल, चुकून असेल. पण घेतलंस."

आणि त्याने फोन ठेवला, न सांगता. मी '(समाप्त)' लिहिलं. नंतर ती बराच वेळ तिथेच उभी होती, चालली नाही, बसली नाही. (शांतता, १९० सेकंद.) पुढच्या आठवड्यात तिने प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीबरोबर डबा खाणं सोडलं. मैत्रीण विचारत होती, "माझं काय चुकलं ते तरी सांग." ती म्हणाली, "काही नाही गं, भूक नसते." मैत्रीण सोडून आणखी कुणाला भाऊ माहीत होता? ती एकेक माणूस काढून टाकत होती, बाटलीतलं गढूळ कुठून आलं ते शोधत जावं तशी, आणि प्रत्येक माणूस काढला की खोली आणखी मोकळी वाजायची. शेवटी कुंडी राहिली. आणि मी.

दोन महिन्यांनी एकदा 'कॉल: नाही' होतं, आणि खोलीत चकती फिरवल्याचा आवाज आला. घरात जुना, वायरचा फोन आहे, ज्याचा कॉल यंत्राला दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती नंबर फिरवत होती. आता नळ बंद होता, त्यामुळे रिसीव्हरमधली घंटी मला तिच्या कानाबाहेरून, मुंगीएवढी, ऐकू येत होती. अकरा वेळा वाजली. उचलला नाही कुणी. वाजणं थांबल्यावर ती रिसीव्हरमध्ये म्हणाली, अगदी हलकेच, "बरं. आज मीच ठेवते आधी."

आधी.

मी हेडफोन काढला. पुन्हा घातला. जुनी ओळ काढून ऐकली. नळ, नळ, आणि नळाच्या खाली, आता माहीत असल्यावर स्वच्छ, 'आधी'. आधी तू ठेव. नाही, तूच ठेव. मी नाही ठेवणार. लहानपणापासून खेळत असतील ती दोघं, फोन कुणी आधी ठेवायचा. घरात फोन आला तेव्हापासून. कागद नव्हता, वस्तू नव्हती. एक बहीण भावाला सोडायला तयार नव्हती एवढंच होतं, आणि मी ते लिहून घेतलं, अर्थ लावून, क्रमांक टाकून. त्या दिवसाच्या कागदावर मी लिहिलं, '(शांतता, ४० सेकंद)'. तिचं वाक्य लिहिलं नाही. निरोपाचे शब्द लिहायचे नाहीत.

त्याला बावीस महिने झाले. या बावीस महिन्यांत मी कुणालाही काही बोललो नाही आणि रोज आठ दहाला तिच्याबरोबर चहा प्यायलो.

बुधवारी बाईंनी बोलावलं. आमच्या विभागप्रमुख. सगळे त्यांना बाईच म्हणतात, कारण पूर्वी त्या भाषा शिकवायच्या आणि अजून आमच्या शेऱ्यांतले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनने सुधारतात. "सगळ्यांचे तक्ते आले. तुमचा एकच राहिलाय. एका फायलीला तीन दिवस?"

"दुसऱ्या रकान्यात अडलंय."

"त्यात अडण्यासारखं काय आहे? तुमच्या फायलीवर कारवाई नाही. मी बघितलंय."

"फायलीवर नाही. भावावर झाली."

"भावाची फाईल कुणाकडे होती?"

"कुणाकडेच नाही. चार दिवसांची होती. काही सापडलं नाही म्हणून बंद केली."

"मग बंद झालेलं तुम्ही कशाला उघडताय?"

मी सांगितलं. नळ, आधी, ठेव. सांगताना मला कळलं की हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलतोय, आणि ते विनोदासारखं ऐकू येतंय. बाईंना हसू आलं होतं, ते त्यांनी चष्मा पुसून घालवलं. मग बराच वेळ पुसत राहिल्या.

"मलाही कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "कॉल नाही म्हटल्यावर."

"हो."

"'होय' लिहिलंत तर पत्र जाईल. ओळ जोडली जाईल. ओळीखाली तुमचा क्रमांक असतो. चौकशी लागेल. निवृत्तीला किती राहिलेत तुमचे?"

"एकोणीस महिने."

"माझं ऐका."

"ऐकतोच आहे, बाई. दुसरं येतं काय मला."

"ते सोडा. तिचा विचार करा. आज तिला वाटतंय कुणीतरी चुगली केली. वाईट आहे, पण माणसाला तेवढं वाटून घेता येतं. उद्या तिला कळणार की दोन वर्षं ओट्यावर, पलंगावर, न्हाणीघरात कुणीतरी ऐकत होतं. घर राहील का तिला ते? तुम्ही राहाल अशा घरात?"

 परत येऊन बसलो. बरोबर होत्या त्या. तिला रडताना मी ऐकलंय, तापात आईला हाक मारताना ऐकलंय. आई कधीच नव्हती घरात, म्हणजे नव्हती ती कशी नव्हती तेही मला माहीत आहे. हे सगळं 'नाही' या दोन अक्षरांत कायमचं बुजून जाईल आणि कुणी कधी होतं हे तिला कळणार नाही. ही दयाच. आणि मग मला माझ्या मनाचा तळ दिसला, तो असा: मला ते बुजायला नको होतं. पत्र जावं असं मला वाटत होतं ते भावासाठी नाही. तिला कळावं की मी होतो. उभा राहून चहा पिणारा आणखी एक माणूस होता, कुंडीने मान टाकली की त्यालाही वाईट वाटायचं.  चोराने घरात शिरून आपली चिठ्ठी ठेवून यावी तसं ते होतं. असल्या कारणाने 'होय' लिहायचं नाही, हे मी ठरवलं, आणि पेन टोपणात घातलं. गुरुवार त्यातच गेला. रेडिओ त्याच्या कंत्राटदाराच्या घोरण्याची नक्कल करून दाखवत होता, सगळे हसत होते. (शांतता.)

शुक्रवारी सकाळी सवयीने आठ दहाला कप हातात घेऊन टेबलापाशी उभा राहिलो. हेडफोन जमा झाले होते. टेबलावर त्यांच्या जागी धुळीचा फिका चौकोन होता. मी ऐकायचा प्रयत्न केला, नुसत्या कानांनी. आत्ता ती ओट्यापाशी असेल. ती ओळ तिथवर आली असेल, थांबली असेल. आणि भावाचं घर, तिकडे मी कधी गेलो नाही, तिकडला मी फक्त अकरा घंट्या ऐकल्या, उचलला न गेलेला फोन. तो फोनजवळच असणार. न उचलणारा माणूस नेहमी फोनजवळच असतो, हे मला धंद्यातून माहीत आहे. तो मोजत असणार. अकरा. त्याला वाटतंय बहिणीने आपलं नाव विकलं. तिला वाटतंय मैत्रिणीने. मैत्रीण एकटी डबा खाते आणि काय चुकलं ते शोधते. हे सगळे निरपराध आहेत आणि एकमेकांवर नजर ठेवून आहेत. म्हणजे यंत्र बंद झालं असं फक्त आमच्या कागदात झालं. तिकडे ते चालूच आहे, कायमचं, आणि ते बंद करायचं बटण माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या रकान्यात आहे. तिचं घर तिला पुन्हा घर वाटेल की नाही ते मला ठरवता येणार नव्हतं. मी चुकीचं ऐकलं होतं एवढं मला सांगता येत होतं. ते माझं काम होतं.

'होय' लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'ओळ पहिली. "अस्पष्ट" ऐवजी "आधी" असे वाचावे. वस्तू नव्हती. दोघे फोनवर होते. (हसते) हे खोडलेले होते, ते परत लिहावे. कुणीही काही सांगितले नव्हते. ऐकणाऱ्याची चूक.' क्रमांक टाकला. स्वतःबद्दल आणखी एक वाक्य लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही. बाईंनी तक्ता वाचला, लाल पेन उचललं, आणि पहिल्यांदाच काही न सुधारता खाली ठेवलं.

"या," त्या म्हणाल्या.

"ठेवतो," मी म्हणालो.

चौकशी अजून चालू आहे. तोवर मला तळमजल्यावर जावक विभागात बसवलंय. पाकिटांवर शिक्का मारायचा आणि वहीत नोंद करायची. तिसऱ्या आठवड्यात बाईंच्या सहीची दोन पाकिटं एकदम आली. दोन वेगळे पत्ते, एकच आडनाव. मी आडनावावर अंगठा ठेवला, पुढचं वाचलं नाही. शिक्का मारताना एकावर तारीख दोनदा उमटली.

त्या रविवारी दुपारी ताईचा फोन आला, दर रविवारी येतो तसा. माझी मोठी बहीण. गुडघे, जावई, वरच्या मजल्यावरचा कुत्रा, असं सगळं झालं. मग ती म्हणाली, "बरं, ठेवते."

"आधी तू ठेव," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही. आधी तू ठेव."

"अरे ठेवतेच आहे की. बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"जेवत जा वेळेवर," ताई म्हणाली आणि ठेवला. मी फोन कानालाच धरून बसलो. सवयीने सेकंद मोजायला लागलो, साठापर्यंत गेलो आणि सोडून दिलं, कारण पुढे लिहायला कागद नव्हता.

पत्रं पोचून आता महिना झाला असेल. तिच्या घरातला तो वायरचा फोन वाजला असेल, नसेल. तिने मोबाइल पाण्यात टाकला असेल, कुलूप बदललं असेल, ओट्यापाशी उभं राहणं सोडलं असेल; किंवा ती ओळ एकदा पुढे गेली असेल. भावाने फोन केला असेल तर ती दोघं काय बोलली, आणि शेवटी कोणी आधी ठेवला, हे आता कुठेही लिहिलेलं नाही.